१९७६ सालची रोल्स-रॉइस कामार्ग विक्रीला आली आहे. घ्यावी की सोडून द्यावी?

सेव्हर्नकाठ

नमस्कार. जुन्या ब्रिटिश गाड्या स्वतः बाळगणारे काही जण येथे लिहितात हे ठाऊक असल्यामुळे माझा प्रश्न जरा विस्ताराने मांडतो.

मी इंग्लंडमध्ये वूस्टरशायरला राहतो आणि गेल्या वर्षी रुग्णालयातील नोकरीतून निवृत्त झालो. आमच्या गावातील एका वृद्ध बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांची १९७६ सालची रोल्स-रॉइस कामार्ग विकायचे ठरवले आहे, आणि लिलावाकडे पाठवण्याआधी त्यांनी मला विचारले आहे. गाडीचा रंग गडद हिरवा, आतील कातडे फिकट तपकिरी, स्टिअरिंग उजवीकडे आणि मीटरवर एकसष्ट हजार मैल. यजमानांनी ती १९८८ मध्ये घेतली. १९९९ पर्यंतच्या सर्व्हिसच्या नोंदी शिक्क्यांसह पुस्तिकेत आहेत. पुढची बिले एका खोक्यात आहेत, पण मधली काही वर्षे कोरीच दिसतात. गेली तीन वर्षे गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली आहे. बाईंचा पुतण्या महिन्यातून एकदा इंजिन सुरू करतो, मात्र रस्त्यावर नेत नाही. अपेक्षा पंचावन्न हजार पौंडांची आहे.

माझे वडील सांगलीला एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांच्या शेजारी उकिडवे बसून मी उघडलेली इंजिने पाहत मोठा झालो, त्यामुळे एखादी गाडी आतून समजून घेऊन सांभाळावी ही इच्छा जुनी आहे. परंतु या गाडीचे ब्रेक आणि मागचे सस्पेन्शन उच्च दाबाच्या हायड्रॉलिक्सवर चालते असे वाचल्यापासून मन कचरते आहे. मला ती दिवाणखान्यातील वस्तूसारखी ठेवायची नाही. महिन्यातून दोन-तीन वेळा वेल्सच्या डोंगरांपर्यंत चालवायची आहे. अशा वापरासाठी ती योग्य आहे का, पाहायला जाताना नेमके काय तपासावे, आणि किंमत रास्त आहे का, हे कृपया सांगावे.

चेशायरची चाके

तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण कामार्गविषयी मराठीत फारसे कोणी बोलत नाही. माझ्याकडे सतरा वर्षे रोल्स-रॉइसचीच सिल्व्हर शॅडो आहे. कामार्ग त्याच पायावर उभी असल्यामुळे पत्र्याखालच्या भागाबद्दल मी खात्रीने लिहू शकतो.

हायड्रॉलिक्सची भीती वाटणे स्वाभाविक आहे, पण रचना एकदा समजली की ती अतिशय तर्कशुद्ध वाटते. इंजिनाच्या दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत दोन छोटे पंप असतात आणि ते कॅमशाफ्टवर चालतात. ते द्रव दाबून दोन गोलाकार अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये भरतात; त्या गोळ्यांमध्ये पडद्यापलीकडे नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, आणि तो स्प्रिंगसारखा दाब साठवून धरतो. हा दाब सुमारे २५०० पीएसआयपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या साधारण ऐंशी पट. आपण पेडलवर पाय ठेवतो तेव्हा आपला जोर वापरला जात नाही, हा साठवलेला दाब किती सोडायचा एवढेच आपण ठरवत असतो. मागची बाजू वजनानुसार उचलून समतल ठेवण्याचे कामही हाच दाब करतो. उच्च दाबाच्या या पद्धतीसाठी कंपनीने फ्रान्सच्या सिट्रोएनकडून परवाना घेतला होता.

पाहायला जाल तेव्हा आधी निरोप द्या की त्या दिवशी इंजिन कोणी सुरू करू नये. थंड इंजिनच खरे बोलते. किल्ली फिरवल्यावर ब्रेकच्या दाबाचे दोन इशारा-दिवे लागतील. इंजिन सुरू झाल्यावर ते साधारण मिनिटभरात विझले पाहिजेत. दाब पुरता भरावा म्हणून इंजिन चार-पाच मिनिटे चालू द्या, मग बंद करून किल्ली पुन्हा दिवे लागण्याच्या जागेपर्यंत फिरवा आणि ब्रेकचे पेडल सावकाश, पूर्ण दाबून सोडत राहा. कितव्या दाबाला दिवा लागतो ते मोजा. वीस किंवा त्याहून अधिक वेळा दाबल्यावर लागला तर अ‍ॅक्युम्युलेटर ठीक आहेत. तिसऱ्या-चौथ्या दाबालाच लागला तर नायट्रोजन संपला आहे, आणि अशी गाडी चालवून घरी नेण्याचा विचारही करू नये. त्यानंतर इंजिन सुरू ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना, दोन धडधाकट माणसांना डिकीच्या कडेवर बसवा. मागची बाजू आधी खाली बसेल आणि थोड्या वेळात आपोआप पूर्ववत वर येईल. आली नाही तर बाईंना नम्रपणे सांगून किमतीचा विषय तेथेच काढावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट द्रवाची. १९७६ च्या गाडीत आरआर ३६३ नावाचा ग्लायकॉल जातीचा ब्रेक-द्रव लागतो. १९८० च्या सुमारास आलेल्या नव्या पिढीत कंपनीने खनिज तेल आणले. हे दोन द्रव एकमेकांचे शत्रू आहेत. ग्लायकॉलसाठी बनवलेल्या रबरी सीलना खनिज तेल लागले की ते फुगतात आणि मऊ पडतात, मग पंपापासून चाकांजवळच्या ब्रेक-कॅलिपरपर्यंत आणि मागची बाजू उचलणाऱ्या दट्ट्यांपर्यंत (रॅम) प्रत्येक सील बदलावा लागतो. हे काम गाडीच्या किमतीचा मोठा वाटा खाऊन टाकते. कोणता द्रव भरला आहे याची नोंद बिलांमध्ये शोधाच.

इंजिन ६७५० सीसीचे व्ही-८, मिश्रधातूच्या ब्लॉकमध्ये लोखंडी ओल्या लायनर्ससह, म्हणजे सिलिंडरच्या लोखंडी नळ्यांना बाहेरून थेट थंड करणारे पाणी लागते. ते दणकट आहे, मात्र कूलंट वेळेवर बदलले नसेल तर आतून कुरतडले जाते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खालच्या भागात बारीक छिद्रे असतात. लायनरचे सील गळू लागले की तेथून पाणी पाझरते. टॉर्च घेऊन वाका आणि तेथे पाझराचे डाग आहेत का पाहा. गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा तीन गतींचा ऑटोमॅटिक आहे, त्याची मुळीच काळजी करू नका. पेट्रोल मात्र लिटरला चार किलोमीटरच्या आसपास धरून चाला, आणि ई-१० ऐवजी ई-५ वापरा, कारण जुन्या रबरी नळ्यांना जास्त इथेनॉल सोसत नाही.

महिन्यातून दोन-तीन वेळा चालवण्याचा तुमचा विचार या गाडीसाठी उत्तम आहे. उभी राहिल्याने ती जितकी बिघडते तितकी चालल्याने बिघडत नाही. पुतण्या जागच्या जागी इंजिन चालवतो त्याने बॅटरी भरलेली राहते, पण एक्झॉस्टमध्ये पाणी साठते आणि कॅलिपरचे पिस्टन हलत नाहीत, ते अडकून बसतात.

रेषा आणि पत्रा

मी कॉव्हेंट्रीत मोटारींच्या बॉडीच्या रचनेचे काम केले आहे, म्हणून वरील उत्तरात जे राहिले तेवढेच लिहितो.

कामार्गचे सर्व उत्पादन १९७५ ते १९८६ या काळात सुमारे ५३० गाड्यांचे झाले. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांचे बहुतेक भाग शॅडोचे आहेत, आणि शॅडो हजारोंच्या संख्येने बनल्यामुळे ते भाग आजही मिळतात. परंतु बाहेरचा पत्रा, काचा, दिव्यांभोवतीच्या चौकटी, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्ड हे सारे फक्त या ५३० गाड्यांसाठी बनले होते. म्हणून माझा सल्ला नेहमीच्या सल्ल्याच्या उलट आहे: थकलेले इंजिन आणि निरोगी पत्रा असलेली कामार्ग घ्यावी, चांगले इंजिन आणि कुजलेला पत्रा असलेली कधीही घेऊ नये. पुढची-मागची काच फुटली किंवा पुढचा फेंडर वाकला तर दुसरा मिळवायला महिने जातात, कधी हाताने घडवून घ्यावा लागतो.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, मागच्या चाकांच्या कमानींवर फिरवा. जेथे पकड सुटते तेथे रंगाखाली पुटी भरलेली आहे. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांना रंग फुगला आहे का पाहा, आणि छतावर एव्हरफ्लेक्सचे (व्हिनाइलचे) आवरण असेल तर त्याच्या कडा बोटांनी दाबून पाहा. आवरणाखाली शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, ते आतच गंज चढवत राहते. डिकीतील गालिचा उचलणे विसरू नका. दारे फार लांब आणि जड आहेत; उघडलेले दार हलकेच वर उचलून बिजागरीची झीज पाहावी.

आता रूपाबद्दल, कारण किमतीशी त्याचा थेट संबंध आहे. ही रचना इटलीच्या पिनिनफारिना या रचना-संस्थेची आणि तेथील पाओलो मार्टिन यांच्या हातची. फियाट १३० कूपेही त्यांचीच; दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर नाते लपत नाही. रोल्स-रॉइसची उभी जाळी येथे प्रथमच सात अंशांनी पुढे झुकवलेली आहे. अनेकांना ती अवजड वाटली, आजही वाटते, आणि ‘कुरूप गाड्यां’च्या याद्यांमध्ये ती नेहमी घुसवली जाते. मला हे मत अन्यायाचे वाटते. छायाचित्रात ती ठोकळ्यासारखी दिसते हे खरे, पण प्रत्यक्षात पाच मीटरांहून लांब आणि जवळजवळ १.९२ मीटर रुंद अशा त्या देहाच्या बाजूची सपाट, शांत रेषा पाहिली की सत्तरच्या दशकातील इटालियन रचनाकारांना काय साधायचे होते ते कळते. त्यांनी अलंकार काढून टाकले आणि प्रमाणावर भिस्त ठेवली. तुमच्याकडील गडद हिरवा रंग या रेषांना फार शोभतो. पांढऱ्या रंगात ती खरोखरच जास्त थोराड दिसते.

१९७५ मध्ये तिची किंमत २९,२५० पौंड होती, म्हणजे शॅडोच्या जवळजवळ दुप्पट. विमानाच्या इंजिनावरील खर्चामुळे मूळ कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, मोटारींचा विभाग वेगळा काढला गेला होता, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या जगात ही गाडी बाजारात आली. इतक्या प्रतिकूल काळात एवढी महाग गाडी आणण्याचा निर्णय धाडसाचाच म्हणायला हवा. शरीराचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या तापमानाला आपोआप ठेवणारे वातानुकूलन तिच्यात होते. तेच पुढे १९७७ च्या शॅडो-२ मध्ये गेले. हे वातानुकूलन चालते का ते अवश्य तपासा, कारण दुरुस्तीसाठी डॅशबोर्ड उपसावा लागतो.

एक सूचना आणखी. १९७७ पासूनच्या गाड्यांना रॅक-पिनियनचे स्टिअरिंग मिळाले. तुमची १९७६ ची आहे, तेव्हा स्टिअरिंग फार हलके आणि थोडे सैल वाटेल. तो दोष समजू नये.

लेस्टरकर

वाहन विम्याच्या क्षेत्रात बरीच वर्षे घालवली असल्यामुळे कागदपत्रांविषयी मला थोडे सांगावेसे वाटते.

चाळीस वर्षांहून जुनी असल्यामुळे गाडी ‘ऐतिहासिक वाहन’ या वर्गात नोंदवता येते. मग रस्ताकर शून्य होतो, लंडनच्या प्रदूषण-क्षेत्राचे शुल्क लागत नाही, आणि मूलभूत फेरफार झालेले नसतील तर वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का याची चाचणीही सक्तीची राहत नाही. मात्र सक्ती नसली तरी तुम्ही ती स्वेच्छेने करून घ्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सव्वादोन टनांहून अधिक वजनाची गाडी डोंगरउतारावर नेण्यापूर्वी थोडक्या खर्चात एका त्रयस्थ माणसाने तिच्याखाली जाऊन पाहणे, याहून स्वस्त सुरक्षितता नाही. जुन्या एमओटीचा २००५ नंतरचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहता येतो. प्रत्येक वर्षीचे मैल कागदावर उतरवून घ्या आणि बिलांमधील कोऱ्या वर्षांशी ताडून पाहा. त्या काळात गाडी उभी होती की नोंदी न ठेवता चालत होती, ते लगेच कळेल.

व्ही-५-सी हा नोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नसतो. यजमान वारले आहेत, तेव्हा मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचा अधिकार बाईंनाच आहे ना, याची वकिलाकरवी खात्री करून घ्या. ओळखीच्या माणसांना हे विचारणे अवघड वाटते, पण पुढे एखादा वारस उभा राहिला तर त्रास त्यांनाही होईल.

रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लब १९५७ पासून आहे आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी येथे हंट हाऊसमध्ये त्याचे कार्यालय आहे. गाड्यांच्या मूळ बांधणीच्या नोंदी तेथे जपलेल्या आहेत. सभासद होऊन चॅसी क्रमांक दिला की मूळ रंग, कातडे, पहिला मालक यांची प्रत मिळू शकते. तुमच्या काळातील कामार्गचा क्रमांक ‘जे’ने सुरू होणारा असायला हवा. विमा ठरावीक मूल्याचा घ्या, म्हणजे अपघातात गाडी निकामी झाली तर आधीच मान्य केलेली रक्कम मिळते, बाजारभावावरून वाद होत नाही.

सेव्हर्नकाठ

तिघांचेही मनापासून आभार. काल सकाळी दोन तास गाडीजवळ काढले. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच सारे पाहिले.

दिवे चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत विझले. पेडल अकरा वेळा दाबल्यावर एक दिवा लागला, दुसरा एकोणिसाव्या वेळी. पुतण्या आणि शेजारी डिकीच्या कडेवर बसले तेव्हा मागची बाजू सावकाश का होईना, पूर्ण वर आली. ब्लॉकच्या छिद्रांजवळ कोरडे होते. चुंबकाची पकड फक्त डाव्या मागच्या कमानीवर तळहाताएवढ्या जागेत सुटली. बिलांमध्ये २००७ साली तेथे नवा पत्रा जोडल्याची नोंद सापडली. एमओटीचे मैल दर वर्षी थोडे थोडे वाढत गेलेले आहेत, म्हणजे कोऱ्या वर्षांतही गाडी फिरत होती. वातानुकूलन वाऱ्याशिवाय काही देत नाही. चारही टायर २००९ चे आहेत.

परंतु एका गोष्टीने रात्रभर झोप लागली नाही. गॅरेजच्या फळीवर हिरव्या खनिज तेलाचा एक डबा होता, अर्धा रिकामा. पुतण्याला आठवते की तीन-चार वर्षांपूर्वी जवळच्या एका गॅरेजमधला माणूस येऊन ‘ब्रेकचे तेल’ भरून गेला होता. त्याने कोणते भरले ते कोणालाच माहीत नाही आणि त्याचे बिलही नाही. डबा पाहताच माझ्या पोटात गोळा आला. बाईंना मी अजून काही बोललेलो नाही.

चेशायरची चाके

बोलला नाहीत ते बरे केलेत, आधी खात्री करून घेऊ. काहीही उघडावे लागणार नाही असा एक सोपा मार्ग आहे. बॉनेटखाली द्रवाची टाकी आहे, तिचे दोन कप्पे असतात. झाकणाभोवतीची धूळ आधी नीट पुसा, मग स्वच्छ सिरिंजने प्रत्येक कप्प्यातून चमचाभर द्रव काढा आणि दोन वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत कोमट पाण्यात टाकून ढवळा. ग्लायकॉलचा ब्रेक-द्रव पाण्यात पूर्ण विरघळतो. खनिज तेल कितीही ढवळले तरी वर तवंग होऊन तरंगते. दोन्ही पेले अर्धा तास उजेडात ठेवून मगच निष्कर्ष काढा. तोपर्यंत इंजिन कोणालाही सुरू करू देऊ नका, आणि द्रव रंगावर सांडू देऊ नका, तो रंग खातो.

तवंग दिसला तर माझ्या मते गाडी सोडून द्यावी, किंवा सर्व सील बदलण्याचा लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून पूर्ण वजा करावी. विरघळला तर मात्र अकरा आणि एकोणीस हे आकडे मुळीच निराशाजनक नाहीत. ज्या यंत्रणेचा दिवा आधी लागला तिचा अ‍ॅक्युम्युलेटर पुन्हा भरून घ्यावा लागेल, दुसराही त्याच वेळी करून टाकावा. सर्व लवचीक नळ्या मात्र वयामुळेच बदला, वरून कितीही चांगल्या दिसत असल्या तरी. आतून फुगलेली नळी बाहेरून ओळखू येत नाही.

सेव्हर्नकाठ

दोन्ही पेल्यांत द्रव पूर्ण विरघळला, तवंगाचा ठिपकाही नाही. मी तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना काढून पाहिला. तेच उत्तर आले. मग बाईंना डब्याविषयी विचारले. त्यांनी सांगितले की यजमानांकडे २०११ पर्यंत १९८४ सालची सिल्व्हर स्पिरिटही होती आणि तो डबा तिचा आहे. दोन गाड्यांचे द्रव चुकूनही एकत्र होऊ नयेत म्हणून यजमान कामार्गचा डबा घरात, जिन्याखाली ठेवत असत. तो तेथे सापडला, आरआर ३६३ चा, आणि बाहेरच्या कागदावर त्यांच्या हाताने दर वेळी किती भरले याच्या तारखा लिहिलेल्या आहेत. शेवटची तारीख गॅरेजवाला आला होता त्याच आठवड्याची आहे.

नळ्या, दोन्ही अ‍ॅक्युम्युलेटर, चार टायर आणि डाव्या कमानीचे काम यांचा लेखी अंदाज एका स्वतंत्र तज्ज्ञाकडून घेतला आणि तो बाईंना जसाच्या तसा दाखवला. त्यांनी त्यांच्या वकिलाशी बोलून अठ्ठेचाळीस हजारांना होकार दिला. मृत्युपत्राचे कागदही त्याच वेळी पाहून झाले. वातानुकूलनाचे काम मी यंदा करणार नाही. गाडी गुरुवारी लो-लोडर या वाहतुकीच्या ट्रकवर चढवून थेट तज्ज्ञाकडे जाईल आणि नळ्या बदलून एमओटी होईपर्यंत तिच्या चाकांना रस्ता लागणार नाही. हंट हाऊसला चॅसी क्रमांक पाठवला आहे. जिन्याखालचा तो डबा, तारखांच्या कागदासकट, बाईंनी मला दिला आहे. पुढच्या नोंदी त्याच कागदावर खाली करीन.